तिरोडकरांचे सरू

झाड माणसाशी बोलते. फक्त ऐकणारा माणूस त्या योग्यतेचा असावा लागतो. हे वाक्य माझे नाही. ते सदानंद तिरोडकरांचे आहे आणि त्यांनी ते माझ्यासमोर निदान तीन वेगवेगळ्या झाडांजवळ उभे राहून उच्चारले आहे. त्यांतली दोन झाडे पुढे मेली. तिसरे फहाहीलमधल्या एका हॉटेलच्या दारात होते आणि प्लास्टिकचे होते, पण हे लक्षात येईपर्यंत वाक्य पूर्ण झाले होते.

तिरोडकर कुवेतमधल्या मंगाफला आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहत. मूळचे सावंतवाडीकडचे. शुऐबातल्या एका कारखान्याच्या आवारातली हिरवळ सांभाळण्याचे कंत्राट ज्या कंपनीकडे होते, तिथे ते पाण्याच्या व्यवस्थेचे सुपरवायझर होते. म्हणजे नळ्या, पंप, झडपा आणि टायमर. हे काम त्यांना फार चांगले येत असे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरे बोलायची संधी मिळेलच असे नाही. त्यांनी बसवलेल्या नळीचा सांधा कधी गळला नाही, टायमर कधी चुकला नाही. झाडांच्या बाजूने पाहिले तर हेच दुर्दैव होते. एखादा गबाळा माणूस असता तर चार दिवस पाणी बंद तरी पडले असते.

इथे इस्त्रीचा शर्ट घातलेल्या कोणत्याही भारतीयाला स्थानिक लोक 'मुहंदिस' म्हणतात, म्हणजे इंजिनिअर. आम्ही बाकीचे हे सौजन्य समजतो. तिरोडकरांनी ती पदवी समजून स्वीकारली. अबू जासिम नावाच्या एका मळेवाल्याने त्यांना प्रथम 'मुहंदिस' म्हटले त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या कार्डावर 'कृषी अभियंता व वृक्षतज्ज्ञ' असे छापून आले. मग त्या पदवीला शोभेल असा पोशाख आला: आठ-दहा खिशांचे खाकी जाकीट, कडांची टोपी, आणि गळ्यात दोरीला अडकवलेले भिंग. खिशांपैकी एकात सुपारी असे. बाकीच्यांत काय असे ते कधी कळले नाही. भिंगातून ते पानांकडे पाहत, खोडाकडे पाहत, एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी आळूवडीकडेही पाहिले. सोबत 'हं' असा एक आवाज येई. पाहिल्यावर काय दिसले हे त्यांनी कधी सांगितल्याचे स्मरत नाही.

घरात मात्र या विद्येला बंदी होती. त्यांच्या गॅलरीत तिरोडकर वहिनींनी लावलेली एक तुळस होती, चांगली कमरेइतकी वाढलेली. तिच्याजवळ तिरोडकर गेले की आतून आवाज येई, "अहो, लांब. दोन मारल्यात तुम्ही. ही तिसरी माझ्या नावावर आहे." तिरोडकर माझ्याकडे बघून हसत आणि म्हणत, "अज्ञान." वहिनी आतूनच म्हणत, "हो, पण जिवंत आहे."

अबू जासिमचा मळा वफ्राला, सौदीच्या सीमेच्या अलीकडे. कंपनीचा मालक त्याचा मेहुणा, त्यामुळे पंप दुरुस्त करायला एकदा तिरोडकर तिकडे गेले आणि मग दर शुक्रवारी जाऊ लागले. मला सोबत नेत, कारण त्यांचे अरबी 'शुक्रन' (धन्यवाद) आणि 'माकू मुश्किला' (काही अडचण नाही) यांच्यापुढे गेलेले नव्हते. मी दस्मानजवळच्या एका व्यापारी कचेरीत अरबी पत्रव्यवहार सांभाळतो. "लिमये, तुम्ही भाषेचा माणूस. मी झाडांचा माणूस. आपण मिळून काम करू," असे ते म्हणाले होते. शुक्रवारी मला दुसरे काही काम नसे आणि अबू जासिमच्या घरचे जेवण चांगले असे.

मळ्यात खजूर होते, टोमॅटोची हरितगृहे होती, बकऱ्या होत्या. आणि घराच्या वायव्य बाजूला, वाऱ्याच्या वाटेवर, सरूची ओळ होती. कोकणच्या किनाऱ्यावर असतो तो सुरू नव्हे. हे खरे सरू, सूचिपर्णी, जुन्या बागांच्या चित्रांत मशालीसारखे सरळ उभे असतात ते. कुवेतच्या वाळूत असली झाडे सहसा कोणी लावत नाही. ही लावली गेली त्याला कारण अबू जासिमची बायको, उम्म जासिम, होती. ती लेबननच्या डोंगरातली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली, तेव्हा परत येताना गाडीच्या डिकीत ओल्या गोणपाटात गुंडाळून तिने सरूची रोपे आणली. नवऱ्याने ती स्वतःच्या हाताने लावली. ही झाडे पन्नास अंशांचे उन्हाळे जगली. इराकी सैनिकांनी मळ्याचा पंप उचलून नेला तेव्हा जगली. पेटलेल्या तेलविहिरींचा धूर महिनोन् महिने डोक्यावर राहिला, दिवसा दिवे लावावे लागत, त्यातही जगली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी तिरोडकर आले.

उम्म जासिमला आता डोळ्यांनी नीट दिसत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, त्या ओळीच्या आडोशाला, तिची खुर्ची होती. सकाळ-संध्याकाळ ती तिथे बसे. मी एकदा विचारले, इथे का, अंगणात सावली जास्त आहे. ती म्हणाली, "इथला वारा नुसती धूळ आणतो. या झाडांतून येतो तेव्हा निदान आवाज करून येतो." आणि जरा थांबून, "आमच्या गावात येतो तसा."

पहिल्याच शुक्रवारी तिरोडकरांनी त्या ओळीकडे पाहिले, भिंग लावले, 'हं' म्हटले आणि विचारले, "याला आळी कुठे आहेत?"

हे समजायला माणूस कोकणातला असावा लागतो. माडाला आळे करायचे, पोफळीला आळे करायचे, त्यात शेणखत घालायचे आणि पाणी तुंबवायचे, हा तिथे शेतीचा प्रश्न नसतो, संस्काराचा असतो. ज्याच्या झाडाला आळे नाही त्याच्या घरात काहीतरी बिघडलेले आहे असे गाव समजते. मळ्यावर घाडी नावाचा एक मालवणचा माणूस कामाला होता, बायकामुले गावी, इथे एकटा. तो तर हे ऐकून उजळलाच. "साहेबांनू, मी आल्यापासून ह्याच बघतंय," तो म्हणाला. "झाडां अशी उघडी-नागडी. आळ्याशिवाय झाड म्हणजे काय झाड?"

"घाडी, तुला कळतं ते इथल्या लोकांना कळत नाही," तिरोडकर म्हणाले.

"मालकाक काय कळतला, साहेब? तो उंटातलो माणूस."

दोघांनी मिळून पुढच्या दोन-तीन शुक्रवारांत प्रत्येक सरूभोवती खोल, गोल, देखणी आळी खणली. खणताना मुळे लागली ती तोडली. खोडाला टेकून ढोपरभर बकरीचे खत भरले. मग तिरोडकरांनी त्या ओळीतून नळी नेली, प्रत्येक आळ्यात एक तोंड सोडले आणि टायमर लावला. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी. अबू जासिम पाहत होता. त्याने मला विचारले, "एवढं पाणी कशाला? इतकी वर्षं आठवड्याला एकदा देत होतो."

मी तिरोडकरांना विचारले. ते बराच वेळ बोलले. मूळ म्हणजे झाडाचे तोंड, तोंडाशी घास नेला पाहिजे, भारतीय परंपरेत वृक्षाला पुत्र मानले आहे, पुत्राला आठवड्यातून एकदा कोणी जेवू घालते का, असे ते चालले होते. मी अबू जासिमला सांगितले, "तो म्हणतो, जास्त पाणी बरं."

"एवढंच? तो तर बराच वेळ बोलत होता."

"बाकीचं प्रास्ताविक होतं."

अबू जासिम हसला आणि खजुराचे ताट पुढे केले. खजुरांनाही आळी होती, त्यांतही पाणी तुंबत असे आणि खजूर मजेत होते. त्यामुळे त्यालाही ते फार विचित्र वाटले नसावे. सरू हा खजूर नव्हे, माडही नव्हे, त्याच्या मुळांना श्वास घ्यावा लागतो, हे तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणाच्या डोक्यात आले नाही. फरक इतकाच की बाकीच्यांपैकी कोणाच्या कार्डावर वृक्षतज्ज्ञ लिहिलेले नव्हते.

झाडाचे वय सांगणे हा तिरोडकरांचा खास प्रयोग होता. पाहुणे आले की ते टोपी काढत, तळवा खोडावर ठेवत, डोळे मिटत, मग बोटाच्या पेराने तीन टकटक करत, कलिंगडवाला करतो तशी. पुन्हा डोळे मिटणे. मग आकडा येई. सरूंचे वय त्यांनी ऐंशी ते नव्वद सांगितले. अबू जासिम स्वतः सत्तरीत होता आणि झाडे त्याने स्वतः लावली होती. हे मी तिरोडकरांच्या नजरेला आणून दिले.

"भावना," तिरोडकर म्हणाले. "मालकांना भावनेपोटी काळाचं भान राहत नाही. लिमये, माणूस चुकतो. खोड चुकत नाही."

वटपौर्णिमेला आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका दरवर्षी कुंडीत खोचलेल्या वडाच्या फांदीला दोरा गुंडाळतात. तिरोडकरांना हे सहन होत नसे. फांदी तोडून झाडाची पूजा कसली, असे ते म्हणत, आणि तेवढे खरेच होते. त्यांनी तोडगा काढला की कुवेतमधला सर्वांत प्राचीन वृक्ष अबू जासिमच्या मळ्यात आहे, त्याचीच पूजा व्हावी. मालकाची परवानगी मी काढली. जूनमधल्या एका पहाटे, ऊन चढायच्या आत, दोन गाड्या भरून बायका पैठण्या नेसून वफ्राला आल्या. नवरे मोबाइल घेऊन आले. प्रदक्षिणा सुरू झाल्या आणि लगेच थांबल्या, कारण आळ्याच्या कडेचा चिखल इतका झाला होता की चपला रुतू लागल्या. वाळवंटात चिखल करून दाखवणे सोपे नाही.

"अगं बाई, माझी चप्पल आतच राहिली," कोणीतरी म्हणाले.

"राहू दे गं, सौभाग्याचं लेणं समज," दुसरी म्हणाली.

तिरोडकर वहिनी नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "अहो, इथे कसला वास येतोय हा? कुजल्यासारखा?"

"खत आहे ते."

"खताचा वास मला माहितीये. हा तो नाही."

"पूजा करा," तिरोडकर म्हणाले.

प्रत्येकीने आपला तांब्या त्या चिखलात ओतला. उम्म जासिम खुर्चीवरून ऐकत होती. तिने मला बोलावून विचारले की या बायका काय करताहेत. मी सांगितले, नवऱ्यासाठी दीर्घायुष्य मागताहेत. "आणि नवरे काय करताहेत?" फोटो काढताहेत, मी म्हणालो. तिने मान हलवली. मग म्हणाली, "झाडासाठी कोणी काही मागितलं का?"

त्याच सुमारास पहिल्या दोन झाडांचा हिरवा रंग विझायला लागला होता. वाळलेले नव्हते अजून. नुसते निस्तेज, खूप धुतलेल्या कापडासारखे. श्रावणात ती पिवळट झाली, दिवाळीपर्यंत तांबूस. खोडाच्या तळाशी सालीतून डिंक झिरपू लागला. उम्म जासिमला रंग दिसत नव्हता, पण तिला दुसरे काही कळत होते. एका शुक्रवारी ती म्हणाली, "आवाज कमी झालाय. विचार त्याला, ही जगतील ना?"

त्यानंतर दर शुक्रवारी ती हेच विचारी. बाकी तिला तिरोडकरांशी काही बोलायचे नसे. मी विचारायचो, तिरोडकर उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरात दर वेळी काळ, निसर्गचक्र आणि भगवद्गीता येत असे. झाड जगेल की नाही एवढे येत नसे.

निदान मात्र त्यांनी केले होते: वार्धक्य. "वय झालं, लिमये. नव्वदीला आलेलं झाड. पानं झडणार, रंग जाणार. आपले केस नाही का पिकत?"

"पण सगळ्यांचे एकदम?"

"एकाच वयाची आहेत."

"गेल्या वर्षीपर्यंत हिरवी होती."

"म्हातारपण असंच येतं. अचानक."

मी म्हटले, पाणी थोडे दिवस बंद करून पाहिले तर. ते माझ्याकडे करुणेने पाहत राहिले. "म्हाताऱ्या माणसाचं पाणी तोडायचं? तुमचे आईवडील आहेत ना?" माझे आईवडील सांगलीला आहेत आणि त्यांना कोणी कमरेपर्यंत शेणखतात पुरलेले नाही, हे मी म्हणालो नाही.

उपचार म्हणून त्यांनी प्रत्येक खोडाला खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा लावून घेतला, आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेच्या झाडांना लावतात तसा. प्रत्येक खोडावर खिळ्याने एक पत्र्याची पाटी ठोकली. पाटीवर झाडाचे लॅटिन नाव होते, ते मी नंतर तपासले, दुसऱ्याच झाडाचे होते. खाली 'देखरेख: इं. एस. तिरोडकर', ते बरोबर होते. आणि टायमरवरची वेळ वाढवली.

मार्चमध्ये कुवेतला अचानक वावटळी येतात. दहा-पंधरा मिनिटे धूळ, गडगडाट, चार थेंब, आणि संपले. अशाच एका वावटळीत ओळीतले पहिले सरू आडवे झाले. उम्म जासिम नुकतीच आत गेली होती. खुर्ची राहिली होती, तिचा चुरा झाला. आम्ही शुक्रवारी पोचलो तेव्हा झाड तसेच पडलेले होते, आणि एवढ्या उंच झाडाच्या खाली जेवढी मुळे असायला हवीत त्याच्या चौथाईसुद्धा नव्हती. होती ती काळी. घाडीने एक मूळ धरून ओढले तर साल मोज्यासारखी हातात निघून आली आणि आत एक दोरा राहिला. तिथे कुबट, आंबूस वास होता. पूजेच्या दिवशी वहिनींना आला होता तोच हा वास.

घाडी हाताकडे बघत म्हणाला, "साहेब, ह्यां कुसलासा."

"वयोमानाने," तिरोडकर म्हणाले.

अबू जासिमने करवत मागवून खोड कापायला लावले. कापलेल्या तोंडावर वर्तुळे स्वच्छ दिसत होती. तिरोडकरांनी भिंग डोळ्याला लावले. त्या भिंगाचा एवढा खरा उपयोग मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते बसून मोजत राहिले, मध्येच पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, आणि शेवटी उभे राहिले. वर्तुळे पन्नाशीच्या आत होती. अबू जासिम म्हणाला, "मी सांगितलं होतं. माझं लग्न झालं त्या वर्षीची आहेत."

मी भाषांतर केले. मी हा प्रसंग पुष्कळांना सांगितला आहे आणि या ठिकाणी ऐकणाऱ्याला वाटते की आता माणूस खजील होणार. तिरोडकर म्हणाले, "बरोबर आहे. आखाताच्या हवेत झाड दोन वर्षांनी एक वर्तुळ धरतं."

दुप्पट करून पाहिले तर नव्वदच येत होते. हिशेब चोख होता. फक्त त्यानुसार अबू जासिमने ती झाडे स्वतःच्या जन्माआधी लावलेली निघत होती.

उम्म जासिम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्या गावात यांना कोणी पाणी घालत नव्हतं. डोंगरउतारावर दगडात उभी असतात. पाणी येतं आणि निघून जातं. याला सांग, हे पाणी बंद कर. बाकीची तरी राहू देत." आवाज चढवला नाही तिने. अबू जासिमने लगेच मान डोलावली आणि मला म्हणाला, "हेच. शब्दशः सांग. आळी मोकळी करायची, पाणी बंद. उन्हाळ्यात आम्ही इथे नसू. तिच्या डोळ्यांसाठी बाहेर जायचं आहे. परत येऊ तेव्हा मला ही उभी हवीत."

मी शब्दशः सांगितले. प्रास्ताविक नव्हते. तिरोडकर छातीवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "माकू मुश्किला."

गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाईंचं प्रेम आहे. पण प्रेम वेगळं, शास्त्र वेगळं. एकदम पाणी तोडलं तर झाडाला धक्का बसेल."

"मालकाने स्पष्ट सांगितलंय, तिरोडकर."

"मालक झाडाचा मालक असतो. झाडाच्या हिताचा विचार करायला कोणीतरी जाणकार लागतो." मग खिशातून सुपारी काढली. "टप्प्याटप्प्याने करू."

टप्पे झाले नाहीत. मालक विमानात बसल्यावर तिरोडकर मळ्यावर गेले ते टायमर तपासायला, आणि तो बरोबर चालत आहे याची खात्री करून परत आले. घाडीला त्यांनी सांगितले की मालकाचा फोन आला तर बंद केलेय म्हणून सांग. घाडीने सांगितले. तो उन्हाळाभर टोमॅटोच्या हरितगृहात होता, ओळीकडे फारसा फिरकला नाही. मी विचारायचो तेव्हा तिरोडकर म्हणायचे, "सगळं मार्गी लागलंय." त्यांना झाडे मारायची होती असे मला अजूनही वाटत नाही. त्यांना फक्त ती आपल्या पद्धतीने जगायला हवी होती. पाणी बंद केल्यावर ती हिरवी झाली असती, तर मग आधी त्यांना काय झाले होते, असा प्रश्न कोणीतरी विचारला असता.

सप्टेंबरमध्ये गणपतीत मंडळाने त्यांना 'वृक्षमित्र' म्हणून शाल आणि श्रीफळ दिले. मंडळात दरवर्षी कोणालातरी काहीतरी द्यावेच लागते आणि बाकीचे सगळे आधीच कशाचे तरी मित्र होऊन बसले होते. तिरोडकरांचे भाषण 'मुळाशी जा' या विषयावर होते. त्यांची मुलगी माझ्या पुढच्या रांगेत बसून मोबाइलवर काहीतरी पाहत होती. शेजारणीने तिला विचारले, बाबा छान बोलतात ना. ती म्हणाली, "ही लाइक्स टॉकिंग." टाळ्या पुष्कळ पडल्या. भाषणात वफ्राच्या प्राचीन वृक्षांचा उल्लेख तीनदा आला, त्यांच्या प्रकृतीचा नाही.

अबू जासिम आणि उम्म जासिम परतले तेव्हा घराची वायव्य बाजू तपकिरी झाली होती. संपूर्ण ओळ. हात लावला की पाने भुशासारखी गळत. आळ्यांत पाणी होते, त्यावर डास होते. मी त्या शुक्रवारी होतो. अबू जासिम पंपाकडे चालत गेला, त्याने टायमरची वायर उपटली आणि ती हातात घेऊन परत आला. मग घाडीला म्हणाला, "करवतवाल्याला बोलाव."

उम्म जासिमच्या डोळ्यांचे ऑपरेशन बरे झाले होते. तिला आता दिसत होते. ती थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि आत निघून गेली.

तिरोडकर हलक्या आवाजात मला म्हणाले, "त्यांना सांगा, सुंदर मृत्यू आहे हा. उभ्या उभ्या." मी सांगितले नाही. भाषेचा माणूस असण्याचा एवढा तरी फायदा असावा.

ओळ तोडली. त्या हिवाळ्यात घराच्या त्या बाजूच्या खोल्यांत धूळ येऊ लागली, खिडक्यांना फळ्या माराव्या लागल्या. तिरोडकरांचे मळ्यावरचे शुक्रवार आपोआप थांबले. कोणी त्यांना काढले नाही, फक्त बोलावणे बंद झाले. पुढे साठी आली, कंपनीने परवाना वाढवला नाही, आणि ते सावंतवाडीला परत जाऊन काजू-आंब्याची बाग करणार असल्याचे त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केले. सावंतवाडीला पाऊसच इतका पडतो की झाडांना पाणी पाजण्याच्या बाबतीत निसर्गाने त्यांना फारसा वाव ठेवलेला नाही. ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

जायच्या आधी त्यांना मळ्यावर निरोप घ्यायचा होता. मी म्हणालो, नको. ते म्हणाले, "लिमये, झाडांशी बांधिलकी असते." मी अबू जासिमला फोन केला. तो म्हणाला, येऊ दे, पाहुणा आहे.

आम्ही गेलो तेव्हा अबू जासिम बाजारात गेला होता. उम्म जासिम घराच्या मागे होती. गाड्यांच्या शेडमागे, भंगार पिंप आणि जुन्या टायरांच्या पलीकडे, एक सरू होते. इतक्या वर्षांत मी ते नीट पाहिले नव्हते. ओळ लावून झाल्यावर एक रोप उरले होते, ते अबू जासिमने तिथे खोचून दिले होते. ओळीतल्यांपेक्षा बुटके, एका बाजूला जरा झुकलेले, धुळीने माखलेले, आणि हिरवे. त्याला आळे नव्हते, पाटी नव्हती. शेडचा काँक्रीटचा पाया मध्ये येत असल्याने नळी तिथवर नेता आली नव्हती. उम्म जासिमने नवीन खुर्ची आणून त्या झाडाखाली ठेवली होती. समोर टायर दिसत.

तिरोडकरांनी टोपी काढली. तळवा खोडावर ठेवला, डोळे मिटले, तीन टकटक केल्या. वारा थोडा होता, झाड आवाज करत होते. भिंग छातीवर लोंबत होते. मग डोळे उघडून माझ्याकडे वळले.

"या झाडात जिद्द आहे, लिमये. बाकीची मनाने खचली होती. हे माझं ऐकत होतं."

उम्म जासिमने माझ्याकडे पाहिले. तिचा प्रश्न मला पाठ होता, तरी तिने विचारला. "विचार त्याला, हे तरी जगेल ना?"

मी तिरोडकरांना काही विचारले नाही. तिलाच सांगितले की ते मंगळवारी कायमचे भारतात जात आहेत.